पानगळ होणारी भंगाराची वेल

तांब्याची तार आणि पत्र्याचे जुने डबे, एवढ्या दोनच गोष्टींतून वेल उभी करायची. सुरुवातीला मी सापडेल ते जोडत गेले, तेव्हा पाहणाऱ्याला वेलीआधी वस्तूच दिसायच्या. घानात १९४४ साली जन्मलेले एल अनात्सुई बाटल्यांची ॲल्युमिनियमची टोपणं तांब्याच्या तारेने गुंफून भिंतभर पडदे करतात. त्यांचं काम पाहिल्यावर सामान कमी करायचं धाडस आलं.

डब्याला चुंबक लावून बघा. चिकटलं तर पोलाद, तेच घ्या. ॲल्युमिनियम असं गंजत नाही आणि इथे गंजच हवाय.

तार काढायला वायर कधीही जाळू नका. वायरच्या आवरणातलं पीव्हीसी प्लास्टिक जळताना हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो, तो श्वासनलिका पोळतो. कटरने आवरण उभं चिरून सोला आणि जपून ठेवा. वळवून वळवून तांबं ताठरतं. मग आवरणाचा कणही उरला नाही हे पाहून तार मंद लाल होईपर्यंत तापवा, पाण्यात बुडवा. पुन्हा मऊ होते.

पानं पत्राकात्रीने कापा, जाड हातमोजे घालूनच. कडा कानशीने मारा. शिरांसाठी पान जुन्या रबरावर ठेवून बोथट खिळा दाबत ओढा. मग एकच बाजू पॉलिश पेपरने पोलाद उघडं पडेपर्यंत घासा, व्हिनेगरने पुसा, वर मिठाचं पाणी शिंपडा. दुसऱ्या बाजूची छापील अक्षरं मी राहू देते. वाऱ्याने पान उलटलं की कारखाना दिसला पाहिजे.

आता जोडणी, सगळं काम इथेच आहे. उघडं तांबं पोलादाला टेकलं आणि ओल मिळाली की पोलाद झपाट्याने गंजतं. माझ्या पहिल्या वेलीची पानं देठाशीच झिजून पडली. फार लागलं मनाला. पण पडलेली पानं पाहताना वाटलं, हीच तर पानगळ! तेव्हापासून जी पानं टिकायला हवीत त्यांच्या भोकात सोललेल्या आवरणाचा तुकडा बसवून त्यातून तार ओवते. जी गळायला हवीत ती उघड्या तारेने बांधते. कुठलं पान कशाने बांधायचं, यावर मी कापणीपेक्षा जास्त वेळ घालवते.

वेल उघड्यावर टांगा, बुडाशी खरी वेल लावा. मुलं अनवाणी खेळतात ती जागा मात्र टाळा, कारण खाली पडलेली पानं उचलायची नाहीत.