परदेशात शिकवायला येताय? आधी घराचं बघा

स्वयंसेवक शिक्षक म्हणून परदेशी येणाऱ्यांची तयारी बघितली तर ती जवळजवळ सगळी वर्गाची असते. फ्लॅशकार्डं, रंगीत खडू, पेनड्राइव्हभर वर्कशीट, दोन-चार बालगीतं तोंडपाठ. राहणार कुठे असं विचारलं की उत्तर येतं, "एका कुटुंबात, संस्थेनं ठरवलंय." विषय संपला. मी याच वाटेनं आले आणि इथलीच झाले. तेव्हापासून नवे लोक येताना बघतेय. काही महिन्याभरात रुळतात, काही गाशा गुंडाळतात, आणि यात शिकवण्याच्या हातोटीचा भाग फार थोडा असतो. घराची घडी बसली की वर्गाची बसत जाते. याच्या उलट झालेलं मी तरी पाहिलेलं नाही.

हे माझं एकटीचं खूळ नाही. अनोळखी कुटुंबात राहून देश समजून घ्यायचा, हा उपक्रम डॉनल्ड वॉट या अमेरिकन गृहस्थांनी 1932 साली ‘एक्सपेरिमेंट इन इंटरनॅशनल लिव्हिंग’ या नावानं सुरू केला. पुढे 1961 मध्ये अमेरिकेनं परदेशी स्वयंसेवक पाठवणारं पीस कोअर हे सरकारी दल काढलं, त्याचे पहिले संचालक सार्जंट श्रायव्हर हे तरुणपणी याच उपक्रमातून परदेशी राहून आलेले. पीस कोअरची नेमणूक साधारण 27 महिन्यांची असते आणि सुरुवातीचे 3 महिने नुसत्या प्रशिक्षणात जातात. बहुतेक देशांत तो काळ स्थानिक कुटुंबातच काढायचा असतो. इतका दांडगा अनुभव असलेली मंडळीही माणसाला विमानातून उतरवून थेट फळ्यापुढे उभं करत नाहीत. (पीस कोअर फक्त अमेरिकन नागरिकांसाठी आहे, त्यामुळे आपल्यापैकी बहुतेकांना ते दार बंद. ब्रिटनमध्ये 1958 साली सुरू झालेली व्हीएसओ (व्हॉलंटरी सर्व्हिस ओव्हरसीज) ही स्वयंसेवी संस्था आणि 1970 पासूनचं संयुक्त राष्ट्रांचं यूएन व्हॉलंटियर्स इतर देशांच्या लोकांनाही घेतात, पण त्यांना बहुधा कामाचा अनुभव असलेली माणसं हवी असतात.)

कागदपत्रांचं थोडक्यात उरकते. पर्यटक व्हिसावर शिकवू नका. "पगारच घेत नाही, मग काम कसलं?" हा युक्तिवाद इमिग्रेशनच्या खिडकीवर चालत नाही, बऱ्याच देशांत बिनपगारी कामसुद्धा कामच धरतात. कोणता व्हिसा लागतो ते दूतावासाच्या संकेतस्थळावर स्वतः वाचा, संस्थेच्या व्हॉट्सॲप निरोपावर विसंबू नका. प्रवेशाच्या दिवशी पासपोर्टची मुदत किमान 6 महिने शिल्लक असावी, हा नियम अनेक ठिकाणी आहे. पदवी आणि पोलिस क्लिअरन्स सर्टिफिकेटवर अपोस्टील, म्हणजे कागद खरा असल्याचा परदेशात चालणारा सरकारी शिक्का, लागणार का ते आधीच विचारून घ्या. दोन्ही देश 1961 च्या हेग करारात असतील तर त्या एका शिक्क्यावर भागतं, नाहीतर दूतावासाच्या साक्षांकनासाठी आणखी खेटे घालावे लागतात. जी संस्था पोलिस क्लिअरन्स मागतच नाही, तिच्यापासून मात्र चार हात लांब राहा. मुलांमध्ये सोडायच्या माणसाची चौकशी ज्यांना करावीशी वाटत नाही, ते तुमचीही फारशी काळजी घेणार नाहीत.

लसींसाठी ट्रॅव्हल क्लिनिकमध्ये दीड-दोन महिने आधी जा. यलो फिव्हरची लस किमान 10 दिवस आधी घ्यावी लागते, त्याआधी तिचं प्रमाणपत्र लागू होत नाही. 2016 पासून ते प्रमाणपत्र जन्मभर चालतं, त्यामुळे जुनं असेल तर शोधून ठेवा. खेड्यात राहणार असाल तर रेबीजच्या आगाऊ डोसांबद्दल जरूर विचारा. ते घेतले असले तरी कुत्रा चावल्यावर पुढचे डोस घ्यावेच लागतात, पण इम्युनोग्लोब्युलिनची (जखमेत द्यायच्या तयार प्रतिपिंडांच्या इंजेक्शनची) गरज सहसा उरत नाही, आणि आडगावात नेमकं तेच मिळत नाही.

आता घर.

निघण्यापूर्वी संस्थेला विचारायचे प्रश्न साधे आहेत, पण लाजेपायी कुणी विचारत नाही. घरात किती माणसं आहेत? खोली स्वतंत्र आहे का, आणि तिला आतून कडी आहे का? शाळेला जायचं कसं, पावसाळ्यातही तोच रस्ता चालतो का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, तुमच्या राहण्याखाण्याचे पैसे कुटुंबाला मिळतात का, किती आणि कधी? तुम्ही संस्थेला भरलेल्या रकमेतला लहानसा वाटा घरापर्यंत पोचतो, तोही कधीकधी दोन महिने उशिरा. तुम्हाला वाटतं आपण पैसे भरलेत. त्यांना वाटतं हा माणूस फुकट जेवतोय. दोघंही खरे, दोघंही गप्प, आणि मग ताट ठेवण्याच्या आवाजातला फरक तुम्हाला कळत नाही. आल्यावर पहिल्याच आठवड्यात संस्थेच्या समन्वयकाला मध्ये बसवून हे मोकळेपणानं बोलून घ्या. अवघड वाटेल, पण नंतर सहा महिने अवघडून राहण्यापेक्षा बरं.

शाकाहारी असाल तर ते येण्याआधी लेखी कळवा, आणि काय खात नाही याच्याबरोबर काय खाता तेही कळवा. अंडी, मासे, मांसाचा रस्सा यांचा वेगवेगळा उल्लेख करा, कारण रश्शातले तुकडे बाजूला काढले की झालं शाकाहारी, असं समजणारी प्रेमळ घरं पुष्कळ आहेत. दारात उभं राहून ऐनवेळी सांगितलं तर यजमानीणबाईंची केलेली तयारी वाया जाते आणि सुरुवातच ओशाळवाणी होते.

पहिले काही दिवस बोलण्यापेक्षा बघा जास्त. कोण किती वाजता उठतं, पाणी कधी येतं, कोणती खुर्ची कुणाची, रात्री शेवटचा दिवा कोण बंद करतं. न्हाणीघराचं तर वेळापत्रकच मनात तयार करा. शाळेच्या दिवशी सकाळी तुम्ही आत निवांत केस धूत असता आणि बाहेर टॉवेल खांद्यावर टाकून दोन मुलं ताटकळत असतात. त्यातलं एक तुमच्याच वर्गात असतं आणि उशीर झाला म्हणून तुमच्याच शाळेत बोलणी खातं. घरातलं कुणी तुम्हाला याबद्दल एक अक्षर बोलणार नाही, पाहुण्याला कोण बोलतं? म्हणून तुम्हीच विचारा, "माझी वेळ कोणती?"

मग घरातलं एक काम अंगावर घ्या. एकच, पण रोजचं. "राहू द्या, राहू द्या" असं पहिले चार दिवस म्हणतील. पाचव्या दिवशी कुणी काही म्हणत नाही, आणि तिथून तुम्ही पाहुणे कमी आणि घरचे जास्त होत जाता. स्वयंपाकात लुडबुड नको, ते प्रत्येक घरात कुणाचं तरी राज्य असतं. भांडी पुसून जागेवर लावणं, धाकट्याला शाळेत सोडणं, कचरा बाहेर नेणं असलं काहीतरी धरा. भाषाही इथेच येते. भांड्यांची नावं, "दे", "ठेव", "गरम आहे, सांभाळ" हे सगळं तुम्ही भांडी लावता लावता शिकता, आणि त्याच शब्दांनी नंतर वर्गात काम भागतं. घरातली लहान मुलं तुमचे उच्चार मुरवत न ठेवता सुधारतील. त्यांना हसू द्या.

वयानं तुम्ही चाळिशीचे असा, बाहेर जाताना परत कधी येणार ते सांगून जा. उशीर झाला तर फोन करा, कारण कुणीतरी जागं राहतं. खोलीचं दार दिवसभर लावून बसू नका, पण रोज तासभर लावायचं असेल तर पहिल्यापासून लावा. सवय झाली की कुणाला राग येत नाही. तिसऱ्या महिन्यात अचानक लावलं तर काहीतरी बिनसलं असंच वाटणार. उसने पैसे, व्हिसासाठी पत्र, कुणाच्या तरी भाच्याची फी, अशा मागण्याही येतील. लबाडीनंच येतात असं नाही, बहुधा गरजेतून येतात. सगळ्यांना एकच उत्तर ठरवून ठेवा आणि ते सौम्यपणे, पण तेच ते द्या.

हे सगळं सांभाळूनसुद्धा घरात कुणाच्या वागण्याची भीती वाटली, रात्री दारावर टकटक झाली, कुणी पासपोर्ट "सांभाळायला" मागितला, तर जुळवून घेत बसू नका. घर बदलून मागा, त्याच दिवशी. यात कृतघ्नपणा काही नाही. समन्वयकाखेरीज संस्थेतल्या आणखी एका माणसाचा नंबर आणि आपल्या वकिलातीचा नंबर कागदावरही लिहून ठेवा. पासपोर्ट स्वतःजवळ, त्याची प्रत घरच्यांजवळ.

वर्गाचं म्हणाल तर पहिला आठवडा मागच्या बाकावर बसा. तुमच्याआधीही ही शाळा चालू होती आणि नंतरही चालणार आहे, ती तिथल्या बाईंच्या जिवावर. त्यांना विचारल्याशिवाय बाकांची रचना बदलू नका, त्यांच्यासमोर मुलांना "आता आपण मजा करत शिकू" असं तर मुळीच म्हणू नका. पाठ्यपुस्तक मागून घ्या आणि गेल्या वर्षीची प्रश्नपत्रिका बघा. मुलांचं पुढचं सगळं त्या पेपरावर अवलंबून असेल तर तुमचे खेळ त्या पेपराच्या कामाचे हवेत. बाई वर्ग तुमच्यावर सोपवून स्टाफरूममध्ये जाऊ लागल्या तर ते कौतुक समजू नका. दोघींनी मिळून शिकवलं तरच तुम्ही गेल्यावर काही मागे उरतं.

टेफलचा, म्हणजे परकी भाषा म्हणून इंग्रजी शिकवण्याचा, 120 तासांचा ऑनलाइन कोर्स बरेच जण करून येतात. करा, वाईट नाही. पण त्यात खरा वर्ग बहुधा नसतोच. केंब्रिजच्या सेल्टा या इंग्रजी शिक्षकांच्या कोर्समध्ये खऱ्या विद्यार्थ्यांसमोर 6 तास शिकवावं लागतं, तो फरक इथे आल्यावर कळतो. ते जमणारं नसेल तर निघण्याआधी ओळखीच्या एखाद्या शाळेत जाऊन चार तास घेऊन बघा, तेवढ्यानंही भीड चेपते.

तुमच्यापुढे पन्नास-साठ मुलं असू शकतात, पुस्तकं दोघा-तिघांत एक, वीज असली तर असली. "समजलं?" विचारलं की अख्खा वर्ग एका सुरात "येस टीचर" म्हणतो. त्या "येस"ला काही अर्थ नाही, ती फक्त नम्रता. त्याऐवजी करायला लावा. डस्टर टेबलावर ठेवा, "ऑन". पिशवीत टाका, "इन". टेबलाखाली ढकला, "अंडर". आता एका मुलीच्या हातात डस्टर द्या आणि तोंडानं काही न विचारता फक्त सांगा, "पुट इट अंडर द चेअर." ती खुर्चीपाशी जाऊन थबकते, वर ठेवते, मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडतं, ती डस्टर उचलून खाली ठेवते. कुणाला काय कळलं हे तुम्हाला अर्ध्या मिनिटात दिसलं, आणि कुणाला तोंड उघडायची सक्तीही झाली नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेम्स ॲशर यांची ‘टोटल फिजिकल रिस्पॉन्स’ नावाची पद्धत हीच: आधी ऐकून हालचाल, बोलणं सावकाश मागून. खर्च शून्य, आणि वीज गेली तरी अडत नाही.

आणि वर्ग अडला की घरी विचारा. अमुक वारी पटसंख्या अर्ध्यावर का येते? तो मुलगा पहिल्या तासाला का झोपतो? शाळेत हे कुणी सांगणार नाही. घरी भांडी लावताना सहज उत्तर मिळतं: त्या दिवशी बाजार असतो, तो पोरगा पहाटे उठून गुरांचं करून चालत येतो. दुसऱ्या दिवशी तुम्ही त्याला उभं करत नाही. माझा घराचा हेका आहे तो यासाठीच.

एका गोष्टीत मात्र मी कुणाचं ऐकत नाही. अनाथाश्रमात "मुलांना प्रेम द्यायला" म्हणून दोन आठवडे जाऊ नका. तिथल्या बऱ्याच मुलांचे आई किंवा वडील हयात असतात, आणि पाहुण्यांच्या पैशांवर आश्रम चालतो म्हणून मुलं गोळा केली जातात, असं अनेक देशांत उघडकीला आलंय. ऑस्ट्रेलियानं 2018 च्या आधुनिक गुलामगिरीविरोधी कायद्याच्या वेळी या प्रकाराची दखल घेतली. शाळेत मुलं संध्याकाळी आपापल्या घरी जातात, आणि तुम्हीही तुमच्या घरी येता. ते बरं. फोटोंचंही तसंच: मुलांचे चेहरे, शाळेचं नाव, गाव असं एकत्र काही टाकू नका, आणि शाळेनं हो म्हटल्याशिवाय तर काहीच नको.

निघायची वेळ आली की शेवटचे दोन-तीन आठवडे वर्ग हळूहळू बाईंकडे जाऊ द्या. तुम्ही वापरलेले खेळ एका वहीत, त्यांना वाचता येईल अशा भाषेत लिहून ठेवा. त्यासाठी घरातल्या मोठ्या मुलीची मदत घ्या. "पुढच्या वर्षी नक्की येते" असं मुलांना सांगायचं तर तिकीट काढल्यावर सांगा. घरच्यांना भेट द्यायची झाली तर सगळ्यांना मिळून वापरता येईल असं काही द्या, एकालाच महागडं नको. खोली मिळाली होती त्यापेक्षा स्वच्छ करून सोडा. तुमच्या मागोमाग दुसरा कुणी येणार असतो.

आणि मलेरियाच्या भागात राहिला असाल तर परतल्यावर लगेच मलेरिया-प्रतिबंधक गोळ्या थांबवू नका. डॉक्सिसायक्लिन असेल तर तो भाग सोडल्यानंतरही 4 आठवडे घ्यायची असते, ॲटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल असेल तर 7 दिवस. नंतर काही महिन्यांत ताप आला तर डॉक्टरांना कुठे राहून आलात ते आधी सांगा.