आंबा टिकवण्याची चाचणी: एक क्रेट म्हणजे एकच आकडा

आंब्याची तोडणी तोंडावर आली की फळे जास्त दिवस टिकवून देणाऱ्या वस्तूंच्या जाहिराती सुरू होतात. मेणाचा लेप, इथिलीन शोषणाऱ्या पुड्या, बारीक छिद्रांच्या पिशव्या, नाव न सांगता येणारी द्रावणे. यातल्या काहींमागे भक्कम संशोधन आहे, काहींमागे फक्त चकचकीत फोटो. संशोधन खरे असले तरी ते दुसऱ्या वाणावर, दुसऱ्या हवेत किंवा शीतगृहात झालेले असू शकते. म्हणून सगळा माल लेपात बुडवण्याआधी पहिल्या तोडणीच्या थोड्या फळांवर स्वतः चाचणी घ्या. मात्र एका क्रेटला लेप लावला, दुसरा तसाच ठेवला आणि आठ दिवसांनी दोन्ही उघडून पाहिले, एवढ्यावर काही ठरवू नका.

एका क्रेटवर का भागत नाही

आंबा, केळी, पपई, चिकू ही झाडावरून काढल्यावरही पिकत राहणारी फळे. पिकण्याच्या सुमारास त्यांचे श्वसन एकदम वाढते आणि ती इथिलीन वायू सोडू लागतात. हा वायू शेजारच्या फळालाही पिकायला लावतो. द्राक्ष, डाळिंब, लिंबू यांचे तसे नाही. काढल्यावर त्यांची गोडी वाढत नाही, त्यांचा प्रश्न मुख्यतः सुकण्याचा आणि कुजण्याचा असतो.

आता क्रेटमध्ये काय घडते ते पाहा. तोडताना आपटलेले किंवा देठ मोडून चीक लागलेले एखादे फळ असतेच. ते आधी पिकते, आधी कुजते, त्या भरात जास्त इथिलीन सोडते आणि बाकीची फळेही लवकर वळतात. दुसऱ्या क्रेटमध्ये असे फळ नसेल तर तो चार दिवस जास्त टिकल्यासारखा दिसतो, आणि श्रेय जाते लेपाला. एका क्रेटमधली 60 फळे म्हणजे 60 स्वतंत्र साक्षीदार नव्हेत. एकमेकांचे ऐकून एकच जबानी देणारी ती मंडळी आहेत. म्हणून हिशेबात त्या क्रेटचा आकडा एकच धरायचा, मग आत फळे 20 असोत की 60.

ही चूक शेतकरीच करतात असे नाही. छापून आलेल्या प्रयोगांतही फळे मोजून ‘60 पुनरावृत्त्या’ लिहिलेल्या सापडतात. पुनरावृत्ती मोजायची ती ज्याला प्रक्रिया स्वतंत्रपणे मिळाली त्या घटकाची. एकाच टबात, एकदाच कालवलेल्या द्रावणात पाच क्रेट बुडवले आणि ते द्रावण चुकून पातळ झालेले असेल, तर पाचही क्रेटमध्ये तीच चूक उतरते. शक्य असेल तर प्रत्येक वेळी द्रावण नव्याने मापून करा.

मांडणी

इंग्लंडमधल्या रॉथमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात रोनाल्ड फिशर 1919 मध्ये रुजू झाले आणि तिथल्या पिकांच्या आकड्यांशी झुंजताना त्यांनी प्रयोगाच्या मांडणीचे तीन नियम घालून दिले: पुनरावृत्ती, चिठ्ठ्या टाकून वाटणी आणि सारख्याला सारख्याच्या गटात ठेवणे. जगभर औषधांच्या चाचण्या आज ज्या पायावर होतात तो पाया असा शेतातच घातला गेला. आपल्या चाचणीलाही हे तीन नियम पुरेत.

गट झाडाप्रमाणे करा. पाच झाडे निवडा. प्रत्येक झाडावरून एकाच सकाळी, सारख्या पक्वतेची 40 फळे देठासह उतरवा. पक्वतेची शंका असेल तर फळे पाण्यात सोडा. तयार फळ बुडते, कोवळे तरंगते. तरंगणारी फळे चाचणीत घेऊ नका, ती नीट पिकत नाहीत आणि सुरकुततात. चीक निथळू द्या. मग सारख्या आकाराच्या दोन-दोन फळांच्या जोड्या लावा आणि प्रत्येक जोडीत नाणे उडवून कोणते फळ कोणत्या क्रेटमध्ये जाणार ते ठरवा. हाताने निवडायला गेलात तर चांगले फळ नकळत लेपाच्या क्रेटमध्ये जाते. नाण्याला लेपाचे कौतुक नसते. असे प्रत्येक झाडाचे 20 फळांचे दोन क्रेट होतील, एकूण दहा. कोणत्या क्रेटला लेप लावायचा तेही प्रत्येक झाडासाठी नाणे उडवूनच ठरवा.

तुलनेचा क्रेट म्हणजे काहीच न केलेला क्रेट नव्हे. लेपाची फळे धुतली, बुडवली आणि पंख्याखाली वाळवली असतील तर तुलनेची फळेही साध्या पाण्यात तेवढाच वेळ बुडवून तशीच वाळवा. नाहीतर फरक लेपाचा की नुसत्या धुण्याचा, हे कळणार नाही. गरम पाण्याची प्रक्रिया तपासायची असेल तर करपा या बुरशीच्या रोगासाठी साधारण 52 अंश सेल्सिअसला 5 मिनिटे ही पद्धत रुळलेली आहे. तिथे तापमापी टबात सतत हवी. फळे टाकली की पाणी पटकन दोन-तीन अंश उतरते आणि भरपाई म्हणून आच वाढवली की साल भाजते.

क्रेटची जागाही चिठ्ठीने ठरवा. थप्पीतला वरचा क्रेट, भिंतीकडचा क्रेट, दाराजवळचा क्रेट, तिन्हींचे तापमान वेगळे असते. तापमान 10 अंशांनी वाढले की फळाच्या श्वसनाचा वेग दुप्पट-तिप्पट होतो, तेव्हा दोन अंशांचा फरकही आठवड्यात दिसून येतो. एका झाडाचे दोन्ही क्रेट मात्र एकाच उंचीवर ठेवा. इथिलीन शोषणारी पुडी तपासत असाल तर आणखी एक पथ्य आहे. पुडीचे आणि बिनपुडीचे क्रेट एकाच बंद खोलीत उघडे ठेवले तर हवा सगळ्यांची एकच राहते आणि फरक पुसला जातो. तिथे प्रत्येक क्रेट स्वतंत्र झाकलेला हवा.

काय मोजायचे

वजनातली घट सोपी आणि खात्रीची. सुरुवातीच्या वजनातून त्या दिवशीचे वजन वजा करा, सुरुवातीच्या वजनाने भागा, 100 ने गुणा. काटा एकच वापरा, वेळही एकच. फळे खोक्यासकट तोलू नका; पुठ्ठा दमट हवेत पाणी पितो आणि फळांची घट लपवतो.

कुजलेले फळ काढायचे की ठेवायचे हे आधी ठरवून वहीत लिहा. काढले तर उरलेल्या फळांची सरासरी आपोआप चांगली दिसते, कारण वाईट फळे हिशेबातून गेलेली असतात. काढणार असाल तर फळांवर क्रमांक घाला आणि प्रत्येक फळाचे सुरुवातीचे वजन नोंदवा, म्हणजे काढलेल्या फळाचा हिशेब सुटत नाही. साखर मोजायला फळ कापावेच लागते, त्यामुळे रिफ्रॅक्टोमीटरसाठी वेगळी फळे आधीच बाजूला ठेवा. रंग, सुरकुत्या आणि चव यांना गुण देणाऱ्या माणसाला कोणता क्रेट कशाचा हे ठाऊक नको. क्रेटवर नाव न लिहिता सांकेतिक क्रमांक टाका. चव वगळू नका. लेप जाड बसला तर फळाला आतून प्राणवायू कमी पडतो आणि गराला आंबूस, दारूसारखा वास येतो. वजन वाचले आणि चव गेली, असा सौदा काय कामाचा!

चाचणी कोणत्या दिवशी संपणार हेही आधी लिहून ठेवा. रोज डोकावून, फरक मनासारखा दिसला त्या दिवशी थांबायचे, असे केले तर पाणी घालूनही गुण दाखवता येईल.

आकड्यांचा अर्थ

समजा आठव्या दिवशी पाच झाडांच्या तुलनेच्या क्रेटमधली घट 8.9, 11.4, 8.1, 12.0 आणि 9.1 टक्के निघाली. लेपाच्या क्रेटमधली घट, त्याच क्रमाने, 7.3, 10.0, 7.3, 10.2 आणि 7.2 टक्के. सरासऱ्या 9.9 आणि 8.4, म्हणजे फरक दीड टक्क्याचा. हा लेपाचा गुण की योगायोग?

झाडे विसरून नुसते पाच विरुद्ध पाच आकडे तोलले तर उत्तर ‘सांगता येत नाही’ असे येते. कारण झाडाझाडांतच 8 पासून 12 टक्क्यांपर्यंत तफावत आहे आणि दीड टक्का त्या गोंधळात बुडून जातो. ‘टी’ म्हणजे सरासरी फरक हा त्यातल्या संभाव्य चुकीच्या किती पट आहे तो आकडा. इथे त्याचे मूल्य साधारण 1.46 येते, खात्रीसाठी 2.31 हवे. खात्री म्हणजे लेपात काही गुण नसताना एवढा फरक योगायोगाने दिसण्याची शक्यता 5 टक्क्यांहून कमी; हीच ‘5 टक्के पातळी’.

आता तेच आकडे झाडाप्रमाणे जोडीने पाहा. फरक 1.6, 1.4, 0.8, 1.8, 1.9. पाचही वेळा लेपाच्या बाजूने, आणि एकमेकांच्या जवळ. प्रत्येक फरकातून सरासरी 1.5 वजा करा, येणाऱ्या आकड्यांचे वर्ग करून बेरीज घ्या: 0.76. तिला 4 ने भागा (पाच जोड्या, त्यातून एक वजा): 0.19. त्याला 5 ने भागून वर्गमूळ काढा: सुमारे 0.195. ही सरासरी फरकातली प्रमाण चूक. 1.5 ला तिने भागले की ‘टी’ 7.7 येतो, पाच जोड्यांसाठी 5 टक्के पातळीला 2.78 पुरेसा असतो. म्हणजे लेपाने घट खरोखर कमी केली, आणि 2.78 गुणिले 0.195 एवढी चूक दोन्ही बाजूंनी धरली तर ती सुमारे 1 ते 2 टक्क्यांनी कमी केली, असे 95 टक्के पातळीवर म्हणता येते. मोबाइलमधल्या स्प्रेडशीटमध्येही जोडीच्या ‘टी’ चाचणीचे सूत्र तयार असते, पण एकदा हाताने करून पाहा. फळे तीच, आकडे तेच. निकाल बदलला तो झाडाप्रमाणे गट केल्यामुळे.

यापुढचा प्रश्न संख्याशास्त्राचा नाही. 100 किलोमागे 1 ते 2 किलो वजन वाचते. लेप, मजुरी आणि वाळवण्याचा वेळ त्यात निघतो का, हा हिशेब तुमचा तुम्ही करायचा. फरक खरा असणे वेगळे आणि फायद्याचा असणे वेगळे.

कुजीचे आकडे फार फसवे असतात. 50 फळांत 10 कुजली आणि लेपाच्या 50 त 5, म्हणजे कूज निम्म्यावर आली, असे वाटते. पण काय-वर्ग चाचणीत (मोजून आलेल्या संख्यांमधला फरक योगायोगाचा आहे का हे तपासणाऱ्या चाचणीत) त्याचे मूल्य फक्त 1.96 येते, हवे असते 3.84. हेच प्रमाण 200 पैकी 40 आणि 200 पैकी 20 असे आले तर मूल्य 7.84 होते आणि मग विश्वास ठेवायला हरकत नाही. तेही प्रत्येक फळ स्वतंत्र धरून. एका क्रेटमधली फळे तशी नसतात हे वर आलेच. तेव्हा कुजीची टक्केवारीसुद्धा क्रेटवार काढा आणि झाडाप्रमाणे जोडीनेच तोला.

दुसऱ्यांचे तक्ते वाचताना

संशोधनाच्या तक्त्याखाली ‘क्रांतिक फरक’ किंवा ‘सी.डी. 5 टक्के’ अशी ओळ असते. वरचे आकडे पाहण्याआधी ती पाहा. दोन प्रक्रियांच्या सरासऱ्यांमधला फरक त्या आकड्याहून कमी असेल तर त्या दोन्हींत फरक सिद्ध झालेला नाही असे समजा, आणि त्यातली स्वस्त आणि सोपी उचला. तिथे ‘एन.एस.’ लिहिले असेल तर त्या प्रयोगात प्रक्रियांमध्ये फरक सिद्ध झालेला नाही. तक्त्यात 12 प्रक्रिया असतील तर त्यांच्या जोड्या होतात 66. कुठल्याही प्रक्रियेत काहीही गुण नसला तरी 5 टक्के पातळीला त्यातल्या तीनएक जोड्या निव्वळ योगायोगाने ‘वेगळ्या’ ठरू शकतात. म्हणून यादीत पहिली आलेली प्रक्रिया दुसऱ्या हंगामातही वर आली का, हे शोधा. जाहिरातीत पुनरावृत्त्यांचा आकडा आणि तुलनेचा गट दिसला नाही तर पुढे वाचण्यात वेळ घालवू नका.

पावसाआधी आणि पावसानंतर

पहिल्या तोडणीचा निकाल शेवटच्या तोडणीला लावू नका. करप्याची बुरशी फळ लहान असतानाच सालीत शिरून गप्प बसते आणि फळ पिकू लागले की डोके वर काढते. कोरड्या हवेत वाढलेल्या फळांत ती कमी असते, त्यामुळे तेव्हा साधा लेपही उत्तम ठरतो. वळवाचे पाणी पडून गेलेल्या झाडांची फळे त्याच लेपाखाली काळी पडू शकतात, कारण लेप सुकणे रोखतो, आत शिरलेली बुरशी नाही. त्या मालासाठी गरम पाणी आणि लेप एकत्र, नुसते गरम पाणी आणि नुसते साधे पाणी, अशी तीन क्रेटची तुलना घ्या. इथे जोड्यांऐवजी तीन-तीन सारख्या फळांचे संच लावावे लागतील, आणि ‘टी’ऐवजी प्रचरण विश्लेषण (दोनहून जास्त गटांची एकत्र तुलना करण्याची पद्धत) करावे लागेल, त्यासाठी जवळच्या कृषी महाविद्यालयातल्या संख्याशास्त्राच्या माणसाला गाठा, मात्र चाचणी सुरू करण्याआधी. आकडे गोळा झाल्यावर मांडणीतली चूक कुणालाच दुरुस्त करता येत नाही.

बाष्पीभवनावर चालणारी विटा-वाळूची थंड खोली वापरत असाल तर तिचीही नोंद हवामानासकट ठेवा. कोरड्या दिवसांत ती तापमान चांगले उतरवते, दमट हवेत तिचा उपयोग जवळजवळ संपतो. रोज सकाळी आणि दुपारी दोनच्या सुमारास आतले तापमान, बाहेरचे तापमान आणि आर्द्रता असे तीन आकडे लिहा. पाऊस झाला तर त्या दिवसापुढे खूण करा आणि त्यानंतर तोडलेल्या फळांच्या क्रेटना वेगळा गट धरा.