जलपर्णी काढायची तर पावसाच्या आधी काढा, आणि वहाळात ढकलू नका

तळ्यात जांभळी फुलं आली की सगळे फोटो काढतात, पण खरं म्हणजे फुलं यायच्या आधीच जलपर्णी काढायला हवी, कारण फुलाचं बी खाली चिखलात पडलं की 15-20 वर्षंसुद्धा जिवंत राहू शकतं. ही मूळची दक्षिण अमेरिकेची, शोभेसाठी आपल्या देशात आणलेली, आणि सांडपाणी मिळालं की दोन आठवड्यांत दुप्पट होते.

एप्रिल-मे बेस्ट, पाणी उतरलेलं असतं. आमच्याकडे दुपारनंतर समुद्रावरून वारा सुटला की सगळी जलपर्णी पूर्वेच्या कडेला गोळा होते, तेव्हाच बांबूला आकडी बांधून ओढायची, निम्मी मेहनत वाचते. कोयत्याने तोडत बसू नका, तुटलेला फुटवा परत वाढतो, मुळासकट बाहेर काढा. एकट्याने पाण्यात उतरू नका, मुळांत पाय अडकतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. बरेच जण म्हणतात वहाळात सोडा, खाडीत जाऊन खाऱ्या पाण्याने मरेल. खारं पाणी तिला सोसत नाही हे खरंच आहे, पण ती खाडीपर्यंत पोचायच्या आधी वाटेत बंधाऱ्याला अडकते, खालच्या वाडीच्या तळ्यात शिरते, आणि पावसाळ्यात तर वरच्या भागात खाडीचं पाणीच गोडं झालेलं असतं, मग मरणार कशी? म्हणजे आपलं तळं साफ आणि खालच्यांचं भरलं. असं करू नका, प्लीज.

काढलेला ढीग पाण्यापासून लांब, उंचावर पसरा, पहिल्या पावसात परत वाहून येईल अशा जागी नको. 90 टक्क्यांच्या वर पाणीच असतं त्यामुळे उन्हात ढीग पार बसतो, मग शेण-पातेऱ्याबरोबर खत करा किंवा माडाच्या आळ्यात घाला. फुलं आलेली असतील तर आळ्यात नको, आणि तळ्यात गटार किंवा कारखान्याचं पाणी येत असेल तर ते खत भाजीला अजिबात नको.

तणनाशक मारू नका, शेजारी विहिरी असतात आणि मेलेली जलपर्णी पाण्यातच कुजली की ऑक्सिजन संपून मासे मरतात. जलपर्णी खाणारे भुंगे सोडायचा उपाय आहे, भारतात 1983 पासून वापरतात, पण त्याला वर्षं लागतात, वाडीच्या तळ्याला हातानेच बरं.

नंतर दर पंधरा दिवसांनी एक फेरी मारा, सुटलेली चार रोपं दिसली तर तेव्हाच उचला. दुसऱ्या तळ्यातलं जाळं, होडी, मत्स्यबीजाची पिशवी आणताना नीट बघून धुऊन घ्या, आणि फिशटँकमधली झाडं विहिरीत टाकू नका. गोठ्याचं, मोरीचं पाणी तळ्यात येतंय तोवर ती परत परत येणार, तेवढा चर आधी दुसरीकडे वळवा.