सात नावं जमवण्याआधी: संस्थेचं कार्यकारी मंडळ बांधताना

नवी संस्था काढायची ठरली की वकील सांगतो, नोंदणीला किमान सात जण लागतील. संध्याकाळपर्यंत यादी तयार होते. त्यात संस्थापक, त्याची बायको, मेहुणा, कॉलेजचे मित्र, शेजारचे काका आणि वजन पडावं म्हणून एखादे माजी नगरसेवक असतात. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याला एवढं पुरतं. पण पुढची कित्येक वर्षं पैसा कोणाच्या सहीने निघणार आणि अडचणीच्या वेळी कोण खरं बोलणार, हेही त्याच संध्याकाळी ठरून जातं. नागपूरच्या वस्त्यांमध्ये मुलांच्या शिक्षणाचं काम करणाऱ्या एका संस्थेचा मी बरीच वर्षं सचिव आहे. मंडळाची माणसं शोधायला कार्यक्रम आखण्याइतकाच वेळ द्यावा, असं मला मनापासून वाटतं.

कायद्याचं थोडक्यात सांगतो. महाराष्ट्रात अशी संस्था १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालीही नोंदवली जाते. दोन्ही नोंदण्या धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातच होतात. कंपनी कायदा २०१३ मधल्या कलम ८ ची, म्हणजे नफा न वाटणारी, खासगी कंपनी काढली तर दोन संचालकही चालतात. मला विचाराल तर सात ते अकरा माणसं बरी. त्याहून जास्त झाली की बैठकीला कोरम (किमान गणसंख्या) भरण्यातच शक्ती जाते.

सगळ्यात आधी कोषाध्यक्ष शोधा. याबाबतीत नागपूर नशीबवान आहे. महालेखापाल कार्यालय, वेकोलि (कोळसा कंपनी), मॉयल (मँगनीज कंपनी) अशा ठिकाणी आयुष्यभर हिशेब तपासून निवृत्त झालेली माणसं इथे गल्लोगल्ली सापडतात, आणि त्यातल्या अनेकांना चांगल्या कामाची ओढ असते. आमच्या कोषाध्यक्षबाई लेखापरीक्षणातूनच आल्या. पहिल्याच बैठकीत त्यांनी कामासाठी आगाऊ दिलेल्या रकमेबद्दल विचारलं, ‘हा अग्रिम मार्चमध्ये दिला, त्याची व्हाउचरं कुठे आहेत?’ कार्यकर्ते थोडे दुखावले. बाईंनी मग त्यांच्याजवळ बसून व्हाउचर कसं लिहायचं ते शिकवलं. आज आमच्याकडे जुना अग्रिम मिटल्याशिवाय नवा मिळत नाही आणि कोणाला त्यात अपमान वाटत नाही. प्रश्न विचारणारा आणि नंतर मदतीलाही बसणारा माणूस मिळाला तर त्याला सोडू नका.

दुसरी जागा ज्यांच्यासाठी काम करता त्यांच्यातल्या कोणाची तरी हवी. आमच्या मंडळात वस्तीतली एक ताई आहे, घरकाम करते. उन्हाळी वर्गांचं नियोजन सुरू असताना ती म्हणाली, ‘दुपारी पत्र्याखाली पोरं बसणारच नाहीत, सकाळी सातला घ्या.’ आमच्यापैकी कोणाला ते सुचलं नव्हतं. पण नुसतं नाव घालून भागत नाही. बैठक तिच्या कामाच्या वेळा सांभाळून ठेवावी लागते, जमाखर्च मराठीत आणि मोठ्याने वाचावा लागतो, तिचा खाडा होत असेल तर प्रवासखर्चाची सोय करावी लागते.

नातेवाइकांबद्दल स्पष्ट सांगतो: एका घरातले दोन जण पदाधिकारी नकोत. विश्वस्तांना किंवा त्यांच्या नातेवाइकांना अवाजवी लाभ दिला तर आयकराची सवलत धोक्यात येते. बुटीबोरी-हिंगण्याच्या औद्योगिक वसाहतींतल्या कंपन्यांकडे सीएसआरसाठी (कंपन्यांच्या सामाजिक कामाच्या निधीसाठी) जाल तेव्हा तेही पदाधिकाऱ्यांची यादी मागतात आणि आडनावं वाचतात. मोठ्या नावांचा मोह असेल तर त्यांच्यासाठी वेगळं सल्लागार मंडळ करा.

कोणालाही थेट सदस्य करू नका. आधी काम दाखवा, एक-दोन बैठकांना निमंत्रित म्हणून बोलवा. मग पत्र द्या: वर्षात किती बैठका, कोणती जबाबदारी, मुदत किती, मानधन नाही. हे लेखी असलं की पुढे ‘मला कोणी सांगितलंच नाही’ हा वाद उरत नाही.

विषयपत्रिका आणि हिशेब आठवडाभर आधी पाठवा. मे महिन्यात दुपारची बैठक ठेवू नका. डिसेंबरमध्ये विधिमंडळाच्या हिवाळी अधिवेशनाच्या दिवसांत सिव्हिल लाइन्सकडे जाणं टाळा. प्रोसिडिंग बुक (बैठकीच्या कामकाजाची नोंदवही) त्याच आठवड्यात लिहा आणि कोणी विरोध केला असेल तर तोही नोंदवा. रोजचं काम कार्यकर्त्यांनी करावं. पैसा, धोरण आणि सचिवाच्या कामाची तपासणी मंडळाकडे राहावी. मी स्वतः सचिव असून हे सांगतो, कारण संस्थेचं आयुष्य संस्थापकापेक्षा मोठं असायला हवं. कमलाताई होस्पेट यांनी १९२१ मध्ये इथे सुरू केलेल्या मातृसेवा संघाने शंभरी ओलांडली. इतकी वर्षं काम टिकायला एकामागून एक जबाबदारी घेणारी माणसं लागतात.

म्हणून कोणाची मुदत संपायच्या वर्षभर आधीच पुढचा माणूस बैठकांना बसवायला लागा. बदल झाला की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट (पदाधिकारी बदलल्याची माहिती देणारा अर्ज) दाखल करा. सोबत सभेची नोटीस, ठराव, नव्या सदस्याचं संमतिपत्र आणि जुन्याचा राजीनामा जोडा. तो मंजूर होईपर्यंत शेड्यूल वनवर, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या संस्थेच्या नोंदीच्या उताऱ्यावर, जुनीच नावं दिसतात, आणि बँकेत सह्या बदलायला गेलात की तोच उतारा मागतात. नोटिशीच्या पोचपावत्या मात्र वेगळ्या फाइलला लावा. मंडळात फूट पडून दोन गटांचे दोन चेंज रिपोर्ट गेले, तर सभा रीतसर बोलावली होती का, हे त्या पावत्यांवरूनच सिद्ध करावं लागतं.