तापीकाठ कसा बघावा: एका जुन्या कंडक्टरची पाटी

एकतीस वर्षं एसटीत कंडक्टर होतो. शिरपूर, चोपडा, शहादा, एवढीच माझी दुनिया. ‘थाळनेरवाले, उतरा पटापट’ असं किती हजार वेळा ओरडलो असेन, पण लोकांना उतरवून डबल बेल मारायची आणि पुढं निघायचं. थाळनेरला मी स्वतः पाय टेकवला तो रिटायर झाल्यावर. आता दर हिवाळ्यात मी, भाचा आणि त्याची दोन पोरं तापीच्या काठाकाठानं फिरतो. पुण्याकडचे पाहुणे फोनवर विचारतात, ‘खान्देशात बघण्यासारखं काय हो?’ त्यांना अजिंठा माहीत असतो आणि भरीत माहीत असतं. मधलं सगळं मला सांगावं लागतं. ते एकदाच लिहून काढतो.

गावांची यादी करू नका, नदी धरा. तापी मुलताईला उगवते आणि ७२४ किलोमीटर चालून सुरतेजवळ समुद्राला मिळते, तीही उलट्या दिशेनं, पश्चिमेला. तिला जिथं दुसरी मोठी नदी मिळते तिथं जुनं देऊळ असणार, हे धरूनच चाला. पूर्णा मिळते तिथं चांगदेव, पांझरा मिळते तिथं मुडावद, गोमाई मिळते तिथं प्रकाशा. आणि सुरत-बुऱ्हाणपूरच्या जुन्या व्यापारी वाटेवर नदीवर नजर ठेवायला थाळनेरचा किल्ला. एवढं डोक्यात बसलं की नकाशा लागत नाही.

यायचं दिवाळीनंतर, संक्रांतीच्या आत. होळी झाली की आमच्याकडे ऊन अंगावर धावून येतं, मे महिन्यात पारा ४५ च्या पुढं जातो. तेव्हा दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. पावसाळ्यात हिरवं दिसतं म्हणून यायचा मोह होतो, पण काठाची माती काळी. तिच्यात चाक रुतलं की ओढायला बैलजोडी किंवा ट्रॅक्टरच लागतो आणि ट्रॅक्टरवाला त्या दिवशी राजा असतो.

गाडी नसेल तर एसटीचा ‘आवडेल तेथे प्रवास’ पास काढा, चार किंवा सात दिवसांचा मिळतो. माझ्या पिशवीतला सगळ्यात दुर्लक्षित माल हा. बायकांना तिकीट निम्मं, पंचाहत्तरीच्या पुढच्यांना फुकट, तेव्हा आजीला घरी ठेवून येण्याचं कारण नाही. रेल्वेनं यायचं तर भुसावळ-सुरत लाइन तापीच्या सोबतीनंच चालते.

सुरुवात चांगदेवपासून करा. भुसावळहून मुक्ताईनगर, तिथून चांगदेव जवळ आहे. मुक्ताईनगरला आमच्या वयाचे लोक अजून एदलाबाद म्हणतात, तिकीट मागतानाही तेच, आणि मी कधी दुरुस्त करत बसलो नाही. चांगदेवाचं देऊळ संगमावर काळ्या दगडात उभं आहे. आत जाण्याआधी बाहेरून पूर्ण चक्कर मारा. भिंतींवरच्या मूर्तींसाठी अर्धा तास धरा. मग कोथळीला मुक्ताईचं जुनं देऊळ, म्हणजे चौदाशे वर्षं जगलेला म्हणतात तो योगी आणि त्याची लहानशी गुरू, दोघांची भेट एका सकाळी होते.

खाली हतनूर धरण. त्याच्या फुगवट्यावर थंडीत पाहुणे पक्षी उतरतात. चक्रवाक आणि तलवार बदक तर असतातच, शिवाय काळ्या अंगाचे आणि पांढऱ्या कपाळाचे पक्षी पाण्यावर थव्यानं सरकताना दिसतील. त्यांचं नाव वारकरी. मुक्ताईच्या गावाजवळ वारकरी पक्षी, आता याला काय म्हणायचं! सकाळी नऊच्या आत पोचा, भडक शर्ट घालू नका आणि दुर्बीण नसेल तर गळ्यात कॅमेरा अडकवलेल्या माणसाशेजारी जाऊन बसा. असे लोक प्रेमळ असतात, दाखवल्याशिवाय त्यांना राहवत नाही.

इथंच पाण्याचं सांगून ठेवतो. एका ऑगस्टात आम्ही नदीत दगडांवर बसलो होतो. कडक ऊन, आभाळ कोरडं. भाच्याच्या मोठ्या पोरानं चपला खालच्या दगडावर काढल्या होत्या. गप्पांच्या नादात बघतो तर एक चप्पल तरंगत निघालेली आणि तो दगडच दिसेना. पाऊस मेळघाटात पडतो, पूर्णेतून खाली येतो, वरचे दरवाजे उघडतात आणि आमच्याकडे ऊन असतानाच नदी चढते. हतनूरला ४१ दरवाजे आहेत, त्यांतले किती उघडले ते पावसाळ्यात रोजच्या पेपरात येतं. ते वाचल्याशिवाय काठावर जायचं नाही. हिवाळ्यात पाणी शांत दिसलं तरी पोहायला उतरू नका. वाळू उपसून पात्रात खोल खड्डे झालेत, गुडघाभर पाण्यातून पुढचं पाऊल पुरुषभर पाण्यात पडतं. पाय धुवायचे असतील तर घाटावर, जिथं गावच्या बाया धुणं धुतात तिथं.

चोपड्याकडून येणार असाल तर अडावदजवळ उनपदेवला अर्धा तास थांबा. गायमुखातून बारा महिने गरम पाणी पडतं. थंडीत सकाळी त्याच्याखाली बसलं की उठवत नाही. साबण नेऊ नका.

आता थाळनेर. इथं घाई कराल तर माझा तुमच्यावर राग राहील.

फिरोजशहा तुघलकानं १३७० मध्ये मलिक राजाला थाळनेरची जहागीर दिली आणि त्यातून खान्देशचं फारुकी राज्य उभं राहिलं. बुऱ्हाणपूर मलिक राजाच्या मुलानं नंतर वसवलं, पहिली गादी ही. किल्ल्याचं म्हणाल तर आता फार उरलेलं नाही. मातीचं उंच टेकाड, ढासळलेला बुरूज आणि खाली तापी. पण त्या टेकाडावर उभं राहून एक तारीख आठवा, २७ फेब्रुवारी १८१८. होळकरांनी तहात हा मुलूख इंग्रजांना देऊन टाकला होता, तरी किल्लेदार तुळशीराम मामानं किल्ला सोडला नाही. जनरल हिस्लॉपच्या फौजेनं किल्ला घेतला आणि तुळशीराम मामाला फाशी दिलं. शाळेत आम्हाला हे कुणी शिकवलं नाही. मी त्याच गावची तिकिटं फाडत होतो आणि मलाही माहीत नव्हतं.

फारुकी राजांचे मकबरे गावाच्या कडेला आहेत, तिथं दुपारी चारला जा. बाराला गेलात तर भिंती सपाट दिसतील आणि तुम्ही म्हणाल, यात काय बघायचं? चारनंतर ऊन तिरपं होतं, मग अष्टकोनी मकबऱ्यावरची नक्षी सावली धरते. एका दगडातून पट्टी निघते, कोपऱ्यावर वळते, शेजारच्या बाजूला जाते. धाकट्या पोराला मी म्हटलं, डोळ्यांनी एक पट्टी धर आणि सुटू देऊ नकोस. तो मकबऱ्याभोवती तीन चकरा मारून आला आणि म्हणाला, ‘नाना, सुटी गई.’ हात लावू नका, खडूनं नाव तर मुळीच लिहू नका, लिहिणारे पुष्कळ होऊन गेले.

गावात ओट्यावर कुणी म्हातारा भेटेलच. ‘कथाइन उनात?’ असं विचारेल, म्हणजे कुठून आलात. सरळ पुढं जाऊ नका, बसा. चहा नको म्हणू नका. लता मंगेशकरांचं आजोळ हेच गाव, ते तुम्ही न विचारता कळेल आणि बहुधा दोनदा कळेल.

मुडावद दक्षिण काठावर, त्यामुळं पुलावरून वळसा घालून जावं लागतं. रेल्वेनं बेटावदला उतरलात तर सोपं. कपिलेश्वराचं देऊळ, समोर पांझरा येऊन तापीत शिरते. महाशिवरात्रीला यात्रा असते, एरवी शांत. डबा इथं सोडा.

डब्यावरून आठवलं. खरं म्हणजे डबा नकोच, भरीत लावा. शेतवाल्याला आधी विचारायचं, मग बामणोदची हिरवी-पांढरी लांबट वांगी तुरीच्या काड्यांवर किंवा पऱ्हाट्यांवर, म्हणजे कापसाच्या वाळक्या काड्यांवर, भाजायची. गॅसवर भाजलेल्याला आम्ही भरीत म्हणत नाही. सालं काढून बडगीत हिरवी मिरची आणि लसणासोबत ठेचायचं, वरून शेंगदाण्याची फोडणी आणि कांद्याची पात. सोबत कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची भाकरी. बडगी म्हणजे लाकडी कोरीव भांडं, ते कुणाच्या तरी घरून मागून आणावं लागतं आणि धुऊन परत द्यावं लागतं. निघताना विस्तवावर पाणी ओता, शेजारी वाळलेला कापूस उभा असतो.

शेवट प्रकाशाला. काशीला जाऊन आलेला माणूस प्रकाशाला येऊन उत्तरपूजा करतो, तेव्हाच यात्रा पुरी झाली असं मानतात, म्हणून दक्षिण काशी. केदारेश्वर सगळे बघतात. गावातलं पांढरीचं, म्हणजे जुन्या वस्तीचं टेकाड कुणी बघत नाही. १९५५ मध्ये तिथं उत्खनन झालं आणि ताम्रपाषाण काळापर्यंतची वस्ती निघाली. तिथून चालताना खापरं दिसतील. बघा आणि तिथंच ठेवा.

जास्तीचा दिवस हातात असेल तर धुळ्याजवळचा लळिंग चढा, तोही फारुकींचाच. आग्रा रोडवरून रोज हजारो गाड्या त्याच्या पायथ्यानं जातात. सकाळी सातला चढायला लागा, पाणी माणशी दोन लिटर, वर सावली नाही. तोरणमाळ या फेरीत कोंबू नका, त्याला वेगळे दोन दिवस द्या.

प्रकाशाहून परतताना शेवटच्या गाडीची वेळ सकाळीच विचारून ठेवा आणि ती कंडक्टरलाच विचारा, फलकावरची बरेचदा जुनी असते. गाडी चुकलीच तर घाबरू नका. मुक्कामी गाडी कुठल्या गावाला जाते ते बघा, तिच्यात बसा आणि पहाटे तिच्याच पहिल्या फेरीनं बाहेर पडा. मी अशा कितीतरी लोकांना गावातल्या देवळात झोपवलंय आणि पहाटे साडेपाचला पत्रा वाजवून उठवलंय.