कॉलेज फुटबॉलमध्ये नवा कोच कसा निवडतात आणि नवख्याने त्यातून काय घ्यावं

अमेरिकेत मास्टर्स करताना मी आमच्या विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाच्या ऑफिसात विद्यार्थी-सहायक म्हणून काम केलं. आधी व्हिडिओ विभागात, नंतर आकडेवारीच्या बाजूला. स्पोर्ट्स मॅनेजमेंट किंवा डेटा अ‍ॅनालिटिक्स शिकायला येणारी आपली मुलं-मुली मला नेहमी विचारतात की या क्षेत्रात शिरकाव कसा करायचा. उत्तर देताना मला दर वेळी रिसीव्हर्सचा, म्हणजे पास झेलणाऱ्या खेळाडूंचा, नवा कोच निवडला गेला तो हिवाळा आठवतो. एरवी वर्षभर या ऑफिसात कशाला किती किंमत आहे याचा अंदाज लागत नाही. निवडीच्या दिवसांत ते लख्ख दिसतं.

थोडी पार्श्वभूमी. अमेरिकन फुटबॉलमध्ये मैदानावर प्रत्येक संघाचे 11 जण असतात आणि ऑफेन्सचे (चढाईचे) खेळाडू वेगळे, डिफेन्सचे (बचावाचे) वेगळे. ऑफेन्सचा कोऑर्डिनेटर चाली ठरवतो. त्याच्या हाताखाली क्वार्टरबॅक (पास फेकणारा), रनिंग बॅक (चेंडू घेऊन पळणारा), रिसीव्हर, टाइट एंड (अडवणारा आणि पास झेलणाराही), ऑफेन्सिव्ह लाइन (समोरच्यांना अडवणारी फळी) अशा गटांचे सहायक कोच. कॉलेज फुटबॉलच्या सर्वांत वरच्या म्हणजे एफबीएस पातळीवर 2018 पासून प्रत्येक संघाला असे 10 सहायक ठेवता येत होते. जून 2024 मध्ये एनसीएएने, म्हणजे कॉलेज खेळांच्या नियामक संस्थेने, नियम सैल केला आणि अ‍ॅनालिस्टसारख्या इतर लोकांनाही मैदानावर शिकवण्याची मुभा मिळाली. मात्र खेळाडूंची भरती करायला कॅम्पसबाहेर जाण्याचा अधिकार मुख्य कोच आणि त्या 10 जणांपुरताच राहिला. नवख्यांनी हा फरक नीट समजून घ्यावा. ऑफिसात काम शिकण्याच्या जागा वाढल्या, पण त्या 10 खुर्च्यांसाठी माणूस निवडताना ‘हा पोरं आणू शकतो का’ हा प्रश्न आजही सगळ्यात वर असतो.

निवड घाईत होते, आणि घाईला कारण आहे. नोव्हेंबरअखेर नियमित सामने संपतात, डिसेंबरच्या पहिल्या बुधवारी शाळकरी खेळाडू विद्यापीठ ठरवून सह्या करतात, आणि आता ट्रान्सफर पोर्टल, म्हणजे खेळाडूंनी विद्यापीठ बदलण्याची खिडकी, जानेवारीत उघडतं. याच मधल्या काळात कोचेस एका विद्यापीठातून दुसरीकडे जातात. रिसीव्हर्सचा कोच गेला की आपणही जावं का, हा विचार पहिल्यांदा रिसीव्हर्सच्याच मनात येतो. त्यामुळे खुर्ची आठवडाभर रिकामी राहिली तरी नुकसान सुरू झालेलं असतं.

सरकारी विद्यापीठात पदाची जाहिरात रीतसर संकेतस्थळावर येते. पण तोवर मुख्य कोचच्या खिशात नावांची यादी तयार असते, आणि आत कोणी ओळखीचं नसताना केवळ जाहिरात पाहून केलेला अर्ज फारसा पुढे सरकत नाही. मला ही पद्धत पटत नाही. चांगली माणसं यात नकळत गळतात. पण नव्याने येणाऱ्याला हे आधीच ठाऊक असलं तर तो अर्ज भरत बसण्याऐवजी ओळखी वाढवण्याला वेळ देईल. अमेरिकन फुटबॉल कोचेस असोसिएशनचं अधिवेशन दर जानेवारीत भरतं. तिथे व्याख्यानांइतकीच गर्दी हॉटेलच्या लॉबीत असते, आणि नोकरीची बरीचशी बोलणी तिथेच सुरू होतात.

यादीतल्या प्रत्येकाची फिल्म गोळा करणं हे माझं काम होतं. म्हणजे तो आधी ज्या संघाकडे होता, त्या संघाच्या सामन्यांतले नेमके तुकडे निवडून एकत्र लावायचे. याला ‘कटअप’ म्हणतात. टचडाउनचे, म्हणजे चेंडू शेवटच्या रेषेपार नेऊन गुण मिळवल्याचे, तुकडे आमच्या कोऑर्डिनेटरला नकोच होते. त्यांना तिसऱ्या डाउनवरचे (दहा यार्ड पुढे सरकण्याच्या चारपैकी तिसऱ्या प्रयत्नातले) पास हवे होते, आणि त्याहून जास्त, चेंडू मैदानाच्या दुसऱ्या कडेने पळवला जात असताना इकडच्या कडेचा रिसीव्हर काय करतो तेही हवं होतं. तो समोरच्याला जीव तोडून अडवतोय की नुसता उभा आहे? एका उमेदवाराची पोरं नावाजलेली होती, आकडे घसघशीत होते. पण चेंडू आपल्याकडे येणार नाही हे कळलं की ती चक्क चालायला लागायची. एका सामन्यात दिसलं तर खेळाडूचा दोष म्हणता येतं, पण प्रत्येक सामन्यात, प्रत्येक खेळाडूत तेच दिसलं. त्याला मुलाखतीला बोलावलं नाही.

मुलाखत म्हणजे पांढरा फळा आणि मार्कर. उमेदवाराला ‘मेश’ नावाची चाल काढायला सांगितलं. यात दोन रिसीव्हर कमी अंतरावर एकमेकांना जवळून ओलांडत विरुद्ध दिशांना पळतात. समोर मॅन कव्हरेज (प्रत्येक बचावपटू एकेका खेळाडूच्या मागे) असेल तर पळत राहायचं, झोन (प्रत्येक जण आपापली जागा राखतो) असेल तर मोकळ्या जागेत थांबून क्वार्टरबॅककडे वळायचं. हे काढणं कोणालाही जमतं. त्यानंतर मला खेळाडूच्या खुर्चीत बसवलं आणि उमेदवाराला सांगितलं, ही अठरा वर्षांची पोरगी आजच कॅम्पसवर आली आहे असं समजून हिला शिकवा.

पहिल्याने सुंदर आकृती काढली, अकराही जणांचे बाण दाखवले, भराभर बोलला. मला त्यातलं थोडंच कळलं. दुसऱ्याने फळ्यावर तीनच गोष्टी लिहिल्या: उभं कसं राहायचं, पहिलं पाऊल कोणतं, नजर कुठे. मग मला उभं केलं. माझा भार मागच्या पायावर होता. तो पुढच्या पायावर घ्यायला लावला आणि पहिलं पाऊल मागे पडता कामा नये हे दोनदा करून घेतलं. शेवटी स्वतः खुर्चीत बसला आणि म्हणाला, आता हेच मला शिकव. त्या उलट तपासणीत माझं कुठे अडतंय ते त्याने हेरलं आणि तेवढंच पुन्हा सांगितलं. कोच निवडताना याहून चांगली परीक्षा मी पाहिलेली नाही. तोच निवडला गेला. अर्थात त्याआधी ज्या भागात तो भरतीला फिरला होता, तिथल्या शाळांच्या कोचेसना फोन झाले होते, आणि त्याच्याबद्दल सगळे भरभरून बोलले होते.

पार्श्वभूमीची तपासणी, एनसीएए नियमपालन विभागाची छाननी, एक-दोन वर्षांचा करार, मध्येच सोडल्यास भरपाईचं कलम, हे सगळं पुढे झालं. ते ठरावीक असतं.

नवा माणूस आला की त्याने कोऑर्डिनेटरची परिभाषा शिकायची, उलटं नाही. म्हणून मला एलएसयूचं (लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटीचं) 2019 चं उदाहरण फार मोलाचं वाटतं. मुख्य कोच एड ऑर्जेरॉन यांनी न्यू ऑर्लिन्स सेंट्स या व्यावसायिक संघाकडून 29 वर्षांच्या जो ब्रेडीला पासिंग गेमसाठी (पासच्या चालींसाठी) आणलं, पण कोऑर्डिनेटर स्टीव्ह एन्समिंगरच राहिले. आदल्या हंगामात 16 टचडाउन पास देणाऱ्या क्वार्टरबॅक जो बरोने त्या हंगामात 60 दिले. संघ 15-0 राहिला आणि अंतिम सामन्यात त्याने क्लेमसनला 42-25 असं हरवलं. ब्रेडीला सर्वोत्तम सहायक कोचचा ब्रॉयल्स पुरस्कार मिळाला. लोक ही गोष्ट एका तरुणाच्या चमत्कारासारखी सांगतात. मला तसं वाटत नाही. जमार चेस आणि जस्टिन जेफरसनसारखे रिसीव्हर तिथे आधीच होते, आणि मुरलेल्या एन्समिंगरनी नव्या माणसाच्या कल्पनांना जागा दिली. सहायक निवडताना कोऑर्डिनेटरचं मन किती मोठं आहे हेही पाहावं लागतं.

ब्रेडी कॉलेजात खेळला होता, पुढे पेन स्टेट विद्यापीठात ग्रॅज्युएट असिस्टंट (पदव्युत्तर शिकता शिकता काम करणारा सहायक) होता. हीच नेहमीची वाट: तुटपुंज्या मानधनावर राबायचं. न खेळलेल्यांमध्ये माइक लीच यांचं नाव घेतलं जातं. कायद्याची पदवी, कॉलेज फुटबॉल खेळल्याचा अनुभव नाही, तरी पासवर भर देणाऱ्या ‘एअर रेड’ ऑफेन्सच्या दोन शिल्पकारांपैकी ते एक. पण त्यांच्यावर विसंबून बेत आखू नका. महाराष्ट्रातून येणाऱ्याला खेळाडू-मूल्यांकन, विश्लेषण, भरतीची व्यवस्था आणि व्हिडिओ ही दारं जास्त उघडी आहेत, आणि त्या कामातही फुटबॉलचं खोल ज्ञान लागतं.

एफ-1 या विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला 20 तासच काम करता येतं. फुटबॉलचा आठवडा त्यात सहज मावत नाही, म्हणून तास कसे वाटायचे हे पहिल्याच दिवशी ठरवून घ्या आणि नोंद चोख ठेवा. येण्याआधी सामने बघून टॅगिंगचा, म्हणजे प्रत्येक चालीची नोंद करण्याचा, सराव करा: डाउन, अंतर, हॅश (चेंडू मैदानाच्या कोणत्या बाजूला), फॉर्मेशन (खेळाडूंची मांडणी), कव्हरेज, पर्सोनेल (मैदानावर कोणते खेळाडू). ‘11 पर्सोनेल’ म्हणजे एक रनिंग बॅक, एक टाइट एंड आणि तीन रिसीव्हर, हे विचार न करता ओळखता आलं पाहिजे. मग एक अख्खा सामना टॅग करून ती शीट व्हिडिओ कोऑर्डिनेटरला किंवा फुटबॉल ऑपरेशन्सच्या संचालकांना मेलने पाठवा. मोठ्या विद्यापीठातून उत्तर आलं नाही तर जवळच्या डिव्हिजन दोन किंवा तीनच्या (खालच्या पातळीवरच्या) संघातली माणसं नेमकं काय करतात ते जाऊन पाहा. तिथे माणसं कमी असतात, त्यामुळे प्रत्यक्ष काम लवकर बघायला मिळतं. मेल जुलैच्या मध्यापर्यंत गेलेला बरा. ऑगस्टमध्ये हंगामाआधीचा सराव कॅम्प लागला की कोणाला मान वर करायला फुरसत नसते.