होस्टेलवर शब्बाथचं जेवण

शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा आठवड्याचा विश्रांतीचा दिवस, शुक्रवारी सूर्यास्ताला लागतो. डिसेंबरात मुंबईत सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. मेणबत्त्या त्याआधी अठरा मिनिटं, म्हणजे पावणेसहाच्या आत लावायच्या. शेवटचं लेक्चर लांबलं की सगळं इथेच फसतं. उशीर झालाच, तर सूर्यास्तानंतर काडी ओढू नका; शब्बाथ लागला की आग पेटवायची नसते.

किद्दुशसाठी, म्हणजे जेवणाआधी पेल्यावर म्हणायच्या प्रार्थनेसाठी, बेने इस्रायली (कोकण-मुंबईकडच्या मराठी ज्यू) घरांत मनुकांचं सरबत करतात. पाव किलो काळ्या मनुका धुऊन लिटरभर पाण्यात गुरुवारी रात्री भिजवा, सकाळी हाताने चांगल्या कुस्करा, फडक्यातून पिळून गाळा. मनुका नीट पिचल्या नाहीत तर नुसतं गोडसर पाणी हाती लागतं. साखर नकोच.

दोन अख्खे पाव रुमालाखाली, शेजारी मीठ. मटण असेल तर रस्सा नारळाच्या दुधात. मांसासोबत दूधदुभतं खात नाहीत, म्हणून दही, तूप, खीर त्या पंगतीत चालत नाही. हॉटप्लेट सूर्यास्ताआधीच लावून ठेवा.